भीमवरमपर्यंत

सायकल या वाहनाविषयी लहानपणी आम्हांला फारसा आदर नव्हता. काचीगुड्याच्या आमच्या बोळात अप्पांची काळी, दणकट सायकल भिंतीला टेकून उभी असे. कॅरिअरला सुतळी गुंडाळलेली, हॅंडलला कापडी पिशवी अडकविलेली. शेजारच्या मुलांचे वडील स्कूटरवरून कचेरीत जात. आमचे अप्पा पँटच्या पायाला क्लिप लावून. शाळेतल्या मित्रांनी पाहू नये म्हणून आम्ही चौकाच्या अलीकडेच कॅरिअरवरून उडी मारीत असू. पुढे अप्पांप्रमाणेच आम्हीही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक झालो. (पदवी उस्मानिया विद्यापीठाची, वाणिज्य शाखेची, तिचा उल्लेख एवढ्यासाठीच, की पुढे हिशेब यावयाचे आहेत.) पहिल्या पगारवाढीनंतर आम्ही स्कूटर घेतली आणि सायकलीवर सूड उगविल्याचे समाधान मानले.

तेहेतिसाव्या वर्षी आमच्या पाठीने आमच्याशी असहकार पुकारला. खुर्ची आणि स्कूटर या दोन आसनांवर ज्याचे आयुष्य गेले त्याचे दुसरे काय व्हावयाचे? डॉक्टर म्हणाले, पोहा किंवा सायकल चालवा. पोहणे येत नव्हते. तेव्हा गिअरची एक सायकल हप्त्यांनी घेतली, आणि अप्पा तिच्याकडे पाहून फक्त एवढेच म्हणाले, "स्टँड नाही हिला?"

लांब पल्ल्याच्या या छंदाला फ्रेंच लोकांनी एक शिस्त लावून दिली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे. या साऱ्यांचा मेरुमणी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत पॅरिसला येणे. अंतर १२०० किलोमीटर, मुदत नव्वद तास. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता चार वर्षांतून एकदा हौशी लोक ती फेरी करतात. या फेऱ्यांत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीच्या आत परतावयाचे आणि वाटेतल्या ठरीव ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यावयाचा. मुदत, शिक्का आणि गुणवत्तेची संपूर्ण उपेक्षा! सरकारी नोकराच्या प्रकृतीला याहून मानवणारा खेळ आमच्या तरी ऐकिवात नाही. दोनशेच्या दोन फेऱ्या आम्ही पुऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत चौटुप्पलजवळ चहाला थांबलो असता, बॉस्टनला काही वर्षे नोकरी करून आलेल्या एका तरुण सोबत्याने आम्हांला विचारले, "तुम्ही कोणासाठी चालवता?"

आम्ही म्हणालो, "पाठीसाठी."

तो हसला, आणि त्याने तिकडच्या एका सायकलफेरीची हकीकत सांगितली. घरी आल्यावर आम्ही ती मिळेल तेथून वाचून काढली. बिली स्टार नावाच्या एका तरुणाची आई १९७४ साली कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने छत्तीस जण गोळा केले, आणि मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्डपासून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सुमारे २२० मैल दोन दिवसांत सायकल मारली. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या लोकांकडून पैसे आणले होते. एकूण जमा १०,२०० डॉलर. ते बॉस्टनच्या डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला दिले. (तेव्हा तिचे नाव नुसते फार्बर यांचे होते.) तेव्हापासून ही फेरी दर वर्षी चालते. आता तीत हजारो सायकलस्वार असतात, आणि २०२४ साली तिची आजवरची एकूण जमा शंभर कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली.

आकड्यांनी भारावून जाण्याची आम्हांला सवय नाही. आकडे हे आमचे रोजचे खाणे आहे. आमचे लक्ष वेधले ते दोन बारीक अटींनी. पहिली, सायकलस्वाराने आणलेल्या डॉलरातील एक सेंटही वाटेत खर्ची पडत नाही. सारा संस्थेकडे जातो. फेरीचा खर्च निराळ्या मार्गाने भागविला जातो. दुसरी, नाव नोंदविताना किमान रक्कम कबूल करावी लागते, आणि तेवढी जमली नाही तर उरलेली स्वारांच्याच खात्यातून वसूल होते. ही दुसरी अट वाचून आम्ही मनातल्या मनात टोपी काढली. परोपकाराला वसुलीचे कलम जोडणारा माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो.

कार्यालयात हे सांगितले तेव्हा आमच्या एका बुजुर्ग सहकाऱ्यांनी प्रश्न केला, "पण सायकल हाणल्याने औषध कसे निघते हो? द्यायचे तर घरी बसून द्यावेत पैसे." प्रश्न रास्त होता. आम्हांला एकदम आमची आजी आठवली. परभणीकडच्या आमच्या गावाहून कोणी पायी पंढरीस निघाला की ती त्याच्या हातावर रुपया ठेवी आणि म्हणे, माझ्या नावाने पायावर घाल. तोच रुपया घरातल्या देव्हाऱ्यात ठेवूनही पुण्य लागले असतेच की! पण चालणाऱ्याचे पाय सोलणार, हे तिला ठाऊक होते, आणि त्या सोललेल्या पायांत आपला एक रुपया भागीदार असावा असे तिला वाटत असले पाहिजे. घाम हा एक प्रकारचा तारण आहे. नुसता मागणारा खरा की खोटा हे कळत नाही. उन्हातान्हात दोनशे मैल जाणारा निदान वेडा तरी खरा असतो.

येथपर्यंत सारे गमतीचे होते. मग त्या संस्थेचा पूर्वेतिहास वाचता वाचता आम्ही एका नावापाशी थांबलो, आणि त्या रात्री झोप आली नाही.

सिडनी फार्बर हे बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. मृत मुलांची तपासणी करणे हे त्यांचे काम. रक्ताचा कर्करोग झालेले मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. फार्बर यांनी या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तो रोग उलट बळावला. त्यावरून त्यांनी तर्क केला, की या जीवनसत्त्वाने रोग पोसला जात असेल तर त्याला अडविणाऱ्या द्रव्याने तो उपाशी मरेल. १९४७ च्या डिसेंबरात त्यांनी अमिनोप्टेरिन नावाचे असे एक द्रव्य मुलांना देण्यास आरंभ केला. सोळांपैकी दहा मुलांचा रोग काही काळ हटला. काही काळच, पण तोवर तो काही काळही हटला नव्हता. जून १९४८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आणि ते द्रव्य कोठून आले होते? लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, जिचे संशोधन-प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बराव. जन्म १८९५, गाव भीमवरम, जिल्हा पश्चिम गोदावरी. आमच्या हैदराबादेहून सुमारे ३८० किलोमीटर.

सुब्बराव यांचे चरित्र येथे सांगत बसत नाही, जरी ते सांगण्याजोगे आहे. त्यांचा भाऊ स्प्रू या आजाराने गेला. मद्रासला वैद्यकी शिकताना खादीचा पोशाख घालून इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गमावली आणि पदवी कमी दर्जाची मिळाली. बॉस्टनला गेले तेव्हा पोटासाठी रुग्णालयात रात्रीची हलकीसलकी कामे केली. हार्वर्डात नाव कमावले, पण पक्की जागा काही मिळेना. मग १९४० साली औषध कंपनीत गेले. १९४५ साली त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले, आणि ज्या स्प्रूने भाऊ नेला त्यावर ते लागू पडले. हत्तीरोगावरची जी गोळी आजही सरकारी कर्मचारी दारोदार वाटतात तीही त्यांच्याच प्रयोगशाळेतली. देशी पत्नीला ठेवून गेलेला हा माणूस परत कधी आलाच नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये तिकडेच वारला. आपल्या टपाल खात्याने १९९५ साली त्यांचे तिकीट काढले. आणखी मागे गेले तर हा धागा आपल्या मुंबईत पोचतो. १९२८ पासून पुढे ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी हाफकिन संस्थेत राहून गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेत होत्या. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या, आणि त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजेच पुढे सापडलेले हे फोलिक आम्ल.

आता झोप का आली नाही ते सांगितले पाहिजे.

१९९३ च्या पावसाळ्यात आमची अक्का दहा वर्षांची होती, आणि आम्ही पाच. तिच्या पायांवर निळे डाग पडू लागले. आईला वाटले, खेळताना पडते. मग ताप आला. मग शहरातील सरकारी कर्करोग रुग्णालयात तिला दाखल केले. घरात रोगाचे नाव कोणी घेत नसे. 'रक्त कमी आहे' एवढेच आम्हांला सांगण्यात आले. आम्ही शेजारच्या काकूंकडे जेवत असू, तेथेच झोपत असू, आणि मनातून अक्कावर जळत असू. कारण तिला सफरचंदे मिळत. एकदा ती आठ दिवसांसाठी घरी आली, तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते, आणि आम्ही बोळातल्या मुलांना बोलावून तिची टोपी ओढून दाखविली. अक्का रडली नाही. आईने आम्हांला मारले नाही. दोन्ही गोष्टी आम्हांला अजून सलतात.

अक्का वाचली. उपचार अडीच वर्षे चालले. १९९६ च्या दिवाळीला तिला पुन्हा दोन वेण्या येण्याइतके केस होते. आज ती नांदेडला एका शाळेत गणित शिकविते, आणि तिची मुलगी तिच्यापेक्षा उंच होऊ लागली आहे. लहानपणी ती एकाच औषधाविषयी बोलत असे: पाठीच्या कण्यात टोचावयाचे पिवळे इंजेक्शन. "पिवळे आहे" असे परिचारिका म्हणाली की ती स्वतःच गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर वळे. आम्ही वाचून पाहिले, ते मेथोट्रेक्झेट. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड; त्याच प्रयोगशाळेतले, त्याच तर्कातून निघालेले. बॉस्टनमध्ये आणि भीमवरमच्या एका माणसाच्या डोक्यात जे घडले, त्याचे देणे आमच्या घरावर तीस वर्षे होते, आणि आमच्या खातेवहीत त्याची नोंदच नव्हती.

तेव्हा बेत असा ठरला: हैदराबाद ते भीमवरम सायकलीने जावयाचे, बॉस्टनकरांप्रमाणे दोन दिवसांत, ओळखीपाळखीच्या लोकांकडून दर किलोमीटरला काही रक्कम मागावयाची, आणि जमेल ते बालकांच्या रक्तकर्करोगावरील संशोधनासाठी एका सार्वजनिक संस्थेस द्यावयाचे. आमच्या मावशींना 'संशोधनासाठी' हा शब्द खटकला. त्यांचे म्हणणे, एखाद्या गरीब मुलाच्या औषधाला दे, त्याचे तोंड तरी दिसेल. खरेच आहे. अन्नदानाला पंगत दिसते, देवळाला कळस दिसतो. संशोधनाला तोंड नाही. फार्बर यांनाही ही अडचण आली होती. १९४८ च्या मे महिन्यात त्यांच्या रुग्णालयातील बारा वर्षांच्या एका मुलाला 'जिमी' या टोपणनावाने रेडिओवरून देशभर ऐकविण्यात आले. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू खाटेभोवती उभे होते. त्याला सामने पाहण्यासाठी दूरदर्शन संच हवा म्हणून २०,००० डॉलर मागितले होते; लोकांनी २,३१,००० हून अधिक पाठविले. तोच आजचा जिमी निधी, ज्यात त्या सायकलफेरीचे पैसे जमा होतात. जिमी लवकरच वारला असणार असे सारे जग धरून चालले होते. १९९८ साली कळले की तो जिवंत आहे, साठीत आहे, आणि जन्मभर मालमोटारी चालवीत आला आहे!

आम्ही अक्काला फोन करून हे सारे सांगितले. आम्हांला वाटले, ती गहिवरेल. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जा तू. पण मला जिमी करू नकोस. माझे नाव, माझा फोटो लावून कोणापुढे हात पसरू नकोस. माझ्या घरी हे दोघांनाच ठाऊक आहे."

आम्ही म्हणालो, "अगं, पण तू बरी झालीस हेच तर…"

"बरी झाले म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "आजारी होते तेव्हा कोणी विचारलेच नव्हते मला."

टोपीचा विषय तिने काढला नाही. तो ती कधीच काढत नाही.

(हा लेख छापावयास देण्यापूर्वी तिला वाचून दाखविला आहे. तिने दोन वाक्ये गाळावयास लावली; ती गाळली आहेत. बाकीच्याला तिची हरकत नाही, कारण तिच्या मते ही मासिके लिहिणारेच वाचतात.)

तोंडाशिवाय मागावयाचे ठरले. पण मागणार कसे? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, यांतील नियम बारा असा आहे की, सरकारी नोकराने पूर्वमंजुरीवाचून कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागू नये, स्वीकारू नये, किंवा ती गोळा करण्याशी अन्यथा संबंध ठेवू नये. नियम वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या टेबलावर लोकांची कामे अडकतात त्याने डबा फिरविला तर त्यात पडणारे नाणे कितपत खुषीचे असेल, हे आम्हांला पुरते ठाऊक आहे. स्वतः वर्गणी देण्यास मात्र मनाई नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही रीतसर अर्ज केला. ऑक्टोबरात विचारणा आली की प्रस्तुत प्रवासासाठी प्रवासभत्ता मागण्याचा इरादा आहे काय. आम्ही 'नाही' लिहिले. नोव्हेंबरात विचारणा आली की रक्तकर्करोग हा विषय आमच्या कार्यालयाच्या कार्यकक्षेत कसा येतो. आम्ही लिहिले की येत नाही, म्हणूनच परवानगी मागितली आहे. हे उत्तर थोडे उर्मट झाले असावे. कारण त्यानंतर संचिका कोणत्या टेबलावर गेली हे आम्हांला, इतकी वर्षे संचिकांचा माग काढण्यात गेलेली असूनही, कळू शकले नाही. डिसेंबर उजाडला. जानेवारीत त्या रस्त्यावर संक्रांतीला गावी जाणाऱ्यांच्या मोटारींची अशी रीघ लागते, की सायकलीला वाव नाही. आम्ही दोन दिवसांची नैमित्तिक रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली. ती तात्काळ मिळाली.

निघण्याच्या पहाटे अप्पा खाली आले. ते आता पंचाहत्तरीचे आहेत, जिना उतरताना कठडा धरतात. त्यांनी पुढचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले, मग मागचे. "मागे थोडी कमी आहे," म्हणाले. आमच्याजवळ हवा मोजावयाचे काटेवाले यंत्र होते. लावून पाहिले, खरोखरच कमी होती.

पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे फार नाही. चौटुप्पल, नकरेकल, सूर्यापेट. रुंद राजमार्ग, भरधाव लॉऱ्या, आणि कडेला सीताफळे संपून आता पेरूच्या टोपल्या. कोदाडला मुक्काम केला तेव्हा १७८ किलोमीटर झाले होते, आणि आमच्या बैठकीच्या भागाची जी अवस्था होती तिचे वर्णन या मासिकाच्या परंपरेत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो. नंदिगामच्या पुढे उजाडले, आणि उजेडाबरोबर वारा उठला. डिसेंबरातला ईशान्येकडचा वारा पूर्वेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराच्या नेमका तोंडावर येतो. विजयवाड्यास महाबळेश्वरची आपली कृष्णा समुद्राएवढी झालेली पाहिली, पण तिला नमस्कार करण्यासही हात हॅंडलवरून उचलवेना. गुडिवाड्याच्या रस्त्यावर सपाट भातखाचरांतून वारा मोकाट येत होता. वेग ताशी बारा किलोमीटरांवर आला. पाठ, मान, तळहात, एकेकाने राजीनामा दिला. अशा वेळी शहाणे सायकलस्वार म्हणे गाणी म्हणतात. आम्ही हिशेब करतो. उरलेले अंतर भागिले वेग. मग तो हिशेब सोसवेना म्हणून दुसरा कोणता तरी. आणि अशाच एका हिशेबात, मुदिनेपल्लीच्या आसपास, आम्ही अप्पांच्या सायकलीवर जाऊन आदळलो.

रुग्णालय आमच्या घरापासून सहा किलोमीटर. सकाळी आई अक्कापाशी असे. अप्पा सकाळचा डबा पोचवून कचेरीत जात, आणि संध्याकाळी घरी येऊन दुसरा डबा घेऊन पुन्हा जात. दिवसाला दोन खेपा, म्हणजे चोवीस किलोमीटर. अडीच वर्षांत अक्का सारी मिळून किती दिवस खाटेवर होती? आईने कार्डे जपून ठेवलेली आहेत. ती आम्ही मागेच पाहिली होती. साधारण पाच महिने. दीडशे दिवस धरा. दीडशे गुणिले चोवीस. तीन हजार सहाशे किलोमीटर.

आम्ही सायकल थांबवून तो गुणाकार पुन्हा केला. तीन हजार सहाशे. म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस, तीन वेळा. मुदत नाही, शिक्का नाही, गिअर नाही. कॅरिअरवर सुतळीने बांधलेला डबा, आणि पोचल्यावर मुलगी असेल की नसेल याची खात्री नाही. शिवाय त्या खेपांच्या मध्ये आठ तास कचेरी. पैसे त्यांनीही गोळा केलेच होते: भविष्यनिर्वाह निधीतून उचल, सहकारी पतपेढीचे कर्ज, आईच्या पाटल्या. त्यासाठी कोणत्याही नियमाखाली पूर्वमंजुरी लागली नसावी. आणि आम्ही त्या सायकलीवरून चौकाअलीकडे उडी मारीत होतो.

रस्त्याच्या कडेला किती वेळ उभे होतो ते सांगता येत नाही. एक म्हातारे शेतकरी थांबले, तेलुगूत म्हणाले, पंक्चर झाले का? आम्ही मान हलविली. होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांनाही कळले नसावे.

कैकलूरपासून पुढे देश निराळाच आहे. कोल्लेरू सरोवराचा हा शेजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मासळीची आणि कोळंबीची तळी, क्षितिजापर्यंत. तळ्यांत विजेवर फिरणारी चाके पाणी घुसळीत असतात, कोळंबीला श्वास मिळावा म्हणून. आकिवीडु, उंडी, आणि साडेपाचच्या सुमारास भीमवरम. एखादे मोठे स्वागत-बिगत होईल अशी अपेक्षा नव्हतीच. बाजार गजबजलेला होता, कोणाचेही आमच्याकडे लक्ष नव्हते. एका औषधाच्या दुकानापुढे आम्ही सायकल भिंतीला टेकवून ठेवली (तिला स्टँड नाही) आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची एक पट्टी मागितली.

दुकानातला तरुण हिंदीत म्हणाला, "मॅडमसाठी? कितवा महिना?"

"नाही, मलाच."

त्याने आमच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिले आणि पट्टी पुढे ठेवली. किंमत इतकी थोडी, की आम्ही दोनदा विचारली. गोळ्या पिवळ्या होत्या. आम्ही त्याला विचारले, हे ज्यांनी बनविले ते सुब्बराव याच गावचे, ठाऊक आहे ना? तो थोडा गोंधळला. म्हणाला, औषधनिर्माणशास्त्र शिकताना फिस्के-सुब्बराव पद्धत होती, फॉस्फरस मोजावयाची. प्रयोगवहीत लिहिली होती. "ते सुब्बराव?"

"तेच."

"मला वाटले होते, दोघेही इंग्रजच असतील," तो म्हणाला, आणि आतल्या बाजूला बसलेल्या वडिलांना हाक मारून तेलुगूत बराच वेळ काहीतरी विचारीत राहिला.

आम्ही दर किलोमीटरला दहा रुपये या दराने ३,८०० रुपये स्वतःच्या खात्यातून संशोधनासाठी पाठविले. हे नियमात बसते. जानेवारीच्या अखेरीस संचिका परत आली: 'प्रस्तावित कार्यक्रमाची तारीख उलटून गेल्यामुळे विषय समाप्त करण्यात येत आहे.' फेब्रुवारीत अक्काने आम्हांला एका पावतीचे छायाचित्र पाठविले. त्याच संस्थेची, तिच्या नावाची, २७,४५० रुपयांची. शिक्षिकेच्या पगारातून एवढी रक्कम, आणि तीही अशी सुटी, एकाच हातून जात नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणी काय सांगितले, कोणी कोणाला किती दिले, याविषयी आम्ही काही विचारलेले नाही, आम्हांला काही ठाऊक नाही, आणि त्या वर्गणीशी आमचा अन्यथाही संबंध नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

भीमवरमच्या त्या दुकानापुढूनच आम्ही घरी फोन लावला होता. आईने उचलला, बरे आहेस ना म्हणून विचारले आणि अप्पांकडे दिला. मुदिनेपल्लीच्या रस्त्यावर मनाशी जुळविलेली वाक्ये आमच्या ओठांवर होती. अप्पांना हल्ली कमी ऐकू येते; बाजारात गोंगाटही होता.

"चेन पडली होती का कुठे?" त्यांनी विचारले.

"नाही, अप्पा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "रात्री सायकल खोलीत घे. बाहेर ठेवू नकोस."